नाओशिमाच्या काळोखात बसून काय दिसलं?

सागरगोटी

दोन वर्षं जपानमधल्या ओकायामात राहून नाओशिमा बेटावर गेले नव्हते, ते गेल्या रविवारी एकदाचं झालं. उनो बंदरातून बोटीने २० मिनिटं. लोक जातात ते धक्क्याच्या टोकावरचा, यायोई कुसामा या जपानी कलाकाराचा पिवळा भोपळा बघायला. मीही गेले, फोटो काढला, आईला पाठवला. ("एवढ्याची भाजी किती माणसांना होईल?" असं उत्तर आलं.) पण लिहायला बसलेय ते भलत्याच गोष्टीबद्दल.

बेटावर होन्मुरा नावाची जुनी वस्ती आहे. तिथे मिनामीदेरा, म्हणजे दक्षिणेचं देऊळ. पूर्वी तिथे खरंच देऊळ होतं. आता त्या जागी तादाओ आंदो या वास्तुरचनाकाराने १९९९ साली बांधलेली, जाळून काळ्या केलेल्या फळ्यांची एक लांबट, मुकी इमारत आहे. आत जेम्स टरेल या अमेरिकन कलाकाराचं 'बॅकसाइड ऑफ द मून'.

थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. एक हात भिंतीला लावून चालायचं, एक वळण, दुसरं वळण, आणि मग काहीच नाही. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये असतो तो काळोख नव्हे. त्यात शेजारच्या इन्व्हर्टरचा उजेड असतो, रस्त्यावरून स्कूटर जाते. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणीला हात लावून बघावं लागलं. चाचपडत एका बाकावर बसलो. मागे एका लहान मुलाने आईला काहीतरी विचारलं, तिने गप्प केलं. कोणीतरी खोकलं. बाकी शांत.

बराच वेळ गेला. मग समोर काहीतरी राखाडी आहे असा भास झाला. मान हलवली तर गेलं. परत आलं. हळूहळू त्याला कडा आल्या आणि एक मोठा फिकट आयत तयार झाला, सिनेमाच्या पडद्यासारखा. आतल्या बाई म्हणाल्या, उठून पुढे जा. पडद्याला हात लावायला गेले आणि हात आत गेला. पडदा नव्हताच. भिंतीला मोठं भोक होतं आणि पलीकडे नुसता उजेड भरलेली पोकळी.

बाहेर पडताना त्या बाई म्हणाल्या, हा उजेड तुम्ही आत आलात तेव्हापासून एवढाच आहे, आम्ही काही कमीजास्त करत नाही. माझा अजून विश्वास बसत नाहीये.

तुमच्यापैकी कोणी असलं काही पाहिलंय का? आणि याला कला म्हणायचं की डोळ्यांची तपासणी?

अण्णा_नगरकर

अंधाऱ्या खोलीत बसवलं, पैसे घेतले, आणि शेवटी भिंतीला भोक दाखवलं. आमच्या गावात वीजवाले हेच फुकट करतात, रोज.

बाकी लिहिलंय छान. पुढील लेखनास शुभेच्छा.

डॉ_चष्मिस

बाईंनी खरं सांगितलं. उजेड तोच होता, तुमचा डोळा बदलला.

उन्हातून आत गेल्यावर बाहुली मोठी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण २ मिलिमीटरची बाहुली ८ झाली तरी आत येणारा प्रकाश १६ पटच वाढतो. खरं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींचं. रंग बघणाऱ्या शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत जमेल तेवढं जमवून घेतात. अंधारात कामाला येतात त्या दंडपेशी. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उन्हात उडालेलं असतं, ते पुन्हा भरायला २०-३० मिनिटं, कधी जास्तही लागतात. ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणून त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो. पूर्ण सरावलेला डोळा उन्हातल्या डोळ्यापेक्षा हजारो पटींनी तल्लख असतो.

"मान हलवली तर गेलं, परत आलं" हे वाक्य वाचून मजा वाटली. नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. त्यामुळे मंद वस्तूकडे थेट पाहिलं की ती पुसली जाते, जरा बाजूला पाहिलं की दिसते. आकाशदर्शनाला जाणारे हे पहिल्या रात्रीच शिकतात. तुम्ही कोणी न शिकवता करून पाहिलंत.

दंडपेशींना रंग कळत नाहीत, म्हणून तुमचा आयत राखाडी. आता कला की तपासणी, हा प्रश्न माझ्या अखत्यारीत नाही. एवढंच सांगतो की माझ्याकडे तपासणीला आलेला कोणी बाहेर जाऊन धागा काढत नाही.

चंपक_जर्सीकर

टरेल स्वतः तपासणीवाल्यांच्याच गोटातला. १९६५ साली पोमोना कॉलेजातून पदवी घेतली ती संवेदनांच्या मानसशास्त्राची. पुढच्या वर्षी सॅंटा मोनिकात मेंडोटा नावाचं बंद पडलेलं हॉटेल भाड्याने घेतलं, खिडक्या बुजवल्या, आणि प्रोजेक्टरने खोलीच्या कोपऱ्यात नुसता पांढरा प्रकाश टाकायला लागला. आकार असा काढलेला की दोन भिंतींच्या सांध्यावर एक घनाकृती ठोकळा तरंगताना दिसावा. जवळ गेलं की कळतं, दोन भिंती आणि त्यावर पडलेला उजेड. बस. १९७७ पासून ॲरिझोनात एक विझलेला ज्वालामुखी घेऊन त्यात खोल्या आणि बोगदे कोरत बसलाय.

आणि अण्णा, हा विनोद फार स्वस्तातला नाही बरं का. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन होतं. एक बाई तिथल्या भिंतीला टेकायला गेल्या. भिंत प्रकाशाची होती. मनगट मोडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

अण्णा_नगरकर

म्हणजे मयसभाच की! दुर्योधनाला वकील मिळाला असता तर एवढं महाभारत झालं नसतं.

व्यासपीठ

अवांतर : मयसभेत दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र सावरतो, मग खऱ्या पाण्याला जमीन समजून पडतो, पुढे बंद स्फटिकाला दार समजून डोकं आपटतो. त्यामुळे तुलना चपखल आहे. मात्र "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडी घातलेलं वाक्य व्यासांच्या सभापर्वात नाही. मालिका बघून महाभारत सांगणाऱ्यांसाठी आधीच लिहून ठेवतो.

घाटवाट

भोक-भिंतीचं माहीत नाही, पण त्या पोकळीत हात घातल्यावर जे वाटलं असेल ते मी भर पावसाळ्यात कोकणकड्यावर अनुभवलंय. समोर पांढरं. वर पांढरं. पाय पुढे टाकला तर दगड आहे की दीड हजार फूट हवा, ते कळत नाही. थोड्या वेळाने ते पांढरंही पांढरं राहत नाही, करडं होतं, आणि आपण चालतोय की उभे आहोत तेही डोक्यातून जातं. आमच्या लीडरने सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाला, नजरेला धरायला काही नसलं की माणूस भलतीकडे चालतो.

डॉ_चष्मिस

याला जर्मनमध्ये गांत्सफेल्ड म्हणतात, अख्खं नजरक्षेत्र एकसारखं होणं. वोल्फगांग मेट्झगरने १९३० च्या सुमारास हे प्रयोगशाळेत तपासलं. नजरेला कडा मिळाली नाही तर मेंदू अंतर मोजू शकत नाही, आणि काही मिनिटांनी रंगही विझतो. टरेलच्या एका प्रकारच्या कामांचं नावच 'गांत्सफेल्ड' आहे. गोल कोपऱ्यांची खोली, एकाच रंगाचा उजेड, धुकं नाही तरी धुक्यात गेल्यासारखं.

पंचगंगा

आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत येत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. ढग आले किंवा वाटेतली एखादी इमारत नडली की त्या वर्षी हुकतं. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. तेव्हा सगळं लक्ष त्या सरकत्या पट्ट्याकडे होतं. आता हा धागा वाचून आठवतंय ते वेगळंच, की त्या पट्ट्यामुळे देऊळ किती *खोल* आहे हे पहिल्यांदा कळलं होतं. एरवी दर्शनाच्या रांगेत फक्त पुढच्याची पाठ दिसते.

पांढरी_काठी

हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. मला वयाच्या अकराव्या वर्षापासून दिसत नाही. आता पन्नाशी आली.

सागरगोटी, एक प्रश्न. तो उजेड दिसायच्या आधी तुम्हाला खोली केवढी वाटत होती? मूल बोललं, कोणीतरी खोकलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून काहीतरी अंदाज आलाच असणार. लोक सांगतात ते फक्त शेवटचं, काय दिसलं ते. मला त्या आधीच्या मिनिटांत रस आहे, कारण मी तिथेच राहतो.

आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग आहे. गाड्या बाहेर गेलेल्या असल्या की काठीच्या टोकाचा आवाज लांब जाऊन येतो, खांब एकेक करून कळतात. रविवारी सगळ्या गाड्या असल्या की तोच आवाज पायाशी पडतो. भिंत जवळ आली की कानाजवळची हवा जाड झाल्यासारखी वाटते, हात न लावता थांबता येतं. दार उघडं असेल तर पॅसेजला त्या बाजूला खड्डा पडतो. गणपतीत मात्र दहा दिवस माझ्या गल्लीचा नकाशाच पुसला जातो. स्पीकरच्या भिंतीपुढे काठी काय बोलणार? मी तेव्हा बहिणीकडे राहायला जातो.

व्यासपीठ, तुमची नोंद आवडली. ते वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

रिकामटेकडा_अभियंता

वरची पोस्ट तीनदा वाचली.

"हवा जाड" हे अगदी खरं आहे आणि त्याला इतिहासही आहे. पूर्वी असं समजत की दृष्टिहीनांना अडथळा चेहऱ्याच्या त्वचेने जाणवतो. १९४४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात याचा प्रयोग झाला. डोळे बांधलेले डोळस आणि दृष्टिहीन, दोघांनाही भिंतीच्या दिशेने चालायला लावलं. चेहरा झाकला तरी ते थांबायचे. कान बंद केले की धडकायचे. म्हणजे काम कानाचं, श्रेय गालाला.

मी ध्वनीचं काम करतो (नाट्यगृहं, हॉल वगैरे), त्यामुळे या धाग्यात तोंड घालायचा हक्क आहे असं समजतो. नवीन फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, "टर्रर्र" असा शेपटीवाला आवाज येतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाजाचं टेबलटेनिस चालतं. गादी आणि पडदे आले की ती खोली आवाजाने मरते. आल्व्हिन लुसिए या अमेरिकन संगीतकाराने १९६९ मध्ये यावरच 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' हे काम केलं. खोलीत बसून चार वाक्यं बोलला, रेकॉर्ड केली, ते रेकॉर्डिंग त्याच खोलीत वाजवून परत रेकॉर्ड केलं, ते परत वाजवलं. प्रत्येक फेरीत खोलीला आवडणारे सूर वाढत जातात, बाकीचे गळतात. शेवटी शब्द उरत नाहीत, खोलीच गाते. लुसिए तोतरा होता. त्याचं अडखळणं खोलीने गिळून टाकलं, ही गोष्ट त्या चार वाक्यांत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे.

टरेलचंही कानाशी नातं आहे. साठीच्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाने कलाकार आणि कंपन्यांची जोडणी करून दिली, त्यात टरेल, कलाकार रॉबर्ट अर्विन आणि एड वॉर्ट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ एकत्र आले. वॉर्ट्झ अंतराळवीरांना काय जाणवतं यावर काम करायचे. हे तिघं विद्यापीठातल्या प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत अंधारात बसून प्रयोग करायचे. तिथे भिंतीकडून कानाला काहीच परत येत नाही. म्हणजे पांढरी_काठींचा नकाशा पुसून मग डोळ्यांचाही पुसायचा.

चंपक_जर्सीकर

मग आता ड्रीम हाउसबद्दल लिहायलाच हवं. मॅनहॅटनमध्ये २७५, चर्च स्ट्रीट. एका साध्या इमारतीचा जिना चढायचा, तिसरा मजला, बूट काढायचे. ला मॉंट यंग आणि मॅरियन झाझीला या जोडप्याने १९९३ पासून तिथे मांडलेलं काम आहे. स्वर त्याचे, प्रकाश तिचा. (त्या २०२४ मध्ये गेल्या.)

आत गालिचा, लोड-उश्या, उदबत्ती, सगळीकडे गुलाबी-जांभळा उजेड. छताला टांगलेल्या छोट्या वळशांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि थोड्या वेळाने वळसा कुठला नि सावली कुठली हे सांगता येत नाही. आणि आवाज! दिवसभर तोच, न बदलणारा, ३५ शुद्ध सुरांचा, अंगात घुसेल एवढा मोठा. पहिल्या मिनिटाला वाटलं, ट्रान्स्फॉर्मरशेजारी आणून बसवलंय. मग मी मोजा ठीक करायला वाकलो आणि गाणं बदललं. सरळ झालो, परत पहिलं. मान डावीकडे केली की वर कुठेतरी एक बारीक सूर चमकतो, उजवीकडे केली की तो गेला. चाललं की चाल ऐकू येते. अगदी स्तब्ध उभं राहिलं की सगळं गोठतं.

मी गाण्यातला माणूस नाही. पण त्या खोलीत हवेला जागोजागी वेगळी चव होती, एवढं नक्की सांगू शकतो.

तंबोरा

चंपकराव, उदबत्तीवरून ओळखायला हवं होतं. यंग आणि झाझीला १९७० पासून गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे चेले. आणि वहीद खाँसाहेबांकडेच आपल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या. म्हणजे तुमच्या त्या जांभळ्या खोलीतला माणूस हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांची कबर आहे, तिथे दर वर्षी गाणं होतं. चर्च स्ट्रीट तुम्हाला वाटते तेवढी लांब नाही.

आता तंबोऱ्याचं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, कधी उभे राहून बघा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्येच एका जागी तार 'उघडते'. त्याआधी ती नुसती वाजत असते. उघडली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो, जो कोणी छेडलेलाच नसतो. नवशिक्याला ऐकू येत नाही. गुरू म्हणतात, "बस. ऐक." पंधरा दिवसांनी येतो. तार तीच असते, तंबोरा तोच. सागरगोटी, तुमच्या त्या बाईंचं वाक्य वाचून मला आमचे गुरुजीच आठवले.

गवई दोन तंबोरे मागे घेऊन मध्ये का बसतो, हे श्रोत्यांना कळत नाही. तिथे बसल्यावर समोरचा हॉल नाहीसा होतो आणि सुरांचीच एक खोली उभी राहते. मायक्रोफोनवरून ती तुमच्यापर्यंत येत नाही, क्षमस्व.

रिकामटेकडा_अभियंता

चंपक म्हणतात त्यामागचं कारण घरी करून बघण्यासारखं आहे. मोबाइलवर सूर काढणारं एखादं फुकट ॲप घ्या, १००० हर्ट्झ लावा, फोन कोपऱ्यात ठेवा, एका कानात बोट घाला आणि डोकं सावकाश हलवा. या सुराच्या लाटेची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेवर चढते, आणि दर १७ सेंटिमीटरवर मोठा-बारीक-मोठा असे ठिपके हवेत उभे राहतात. १७ सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने दोन कानांमधलं अंतर! म्हणजे त्याच्या निम्म्यानेच डोकं हलवलं की मोठ्या जागेवरून बारीक जागी जाता येतं. १०० हर्ट्झला हेच अंतर पावणेदोन मीटर होईल, पण मोबाइलच्या स्पीकरला तो सूर झेपत नाही. ड्रीम हाउसमध्ये असे ३५ नकाशे एकावर एक.

अण्णा_नगरकर

केलं. सोफ्यावर बसून एका कानात बोट घालून मान डोलावत होतो. सौ. ने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि सुनेला हाक मारली.

पण होतं खरं. टीपॉयच्या वर एक जागा आहे, तिथे आवाज जवळजवळ नाहीच. बोटभर सरकलं की परत कानठळ्या. तीस वर्षं या खोलीत बसतोय, तिथे भोक आहे हे माहीत नव्हतं.

घाटवाट

अण्णा, आता टीपॉयला तिकीट लावा.

पांढरी_काठी

अण्णा, हसू नका, पण मला तुमचा टीपॉय बघायला आवडेल.

मीही केलं. मला खोलीभर ते सापडत गेले, खिडकीजवळ दाट, मधे विरळ. मात्र सूर चालू असताना काठीचा आवाज निरुपयोगी झाला. एक नकाशा काढून दुसरा ठेवल्यासारखं. थोडं घाबरायला झालं. ॲप बंद केल्यावर पंखा ऐकू आला तेव्हा बरं वाटलं.

सागरगोटी, माझ्या प्रश्नाचं राहिलं.

सागरगोटी

राहिलं नव्हतं, उत्तर शोधत होते. चार दिवस विचार करतेय, कारण आधी मला वाटलं की खोली केवढी असा विचार मी केलाच नव्हता.

पण केला होता. आत शिरल्यावर वाटलं की भिंत नाकासमोर आहे, म्हणून हात पुढे धरून चालत होते. बाकावर बसल्यावर ते मूल बोललं. ते मागे होतं, आणि त्याचा आवाज माझ्या पुढे गेला आणि आलाच नाही. खोकल्याचंही तसंच. तेव्हा मनात आलं होतं की समोर फार मोठं काहीतरी आहे, गोदाम असावं एवढं. मी पाय बाकाखाली ओढून घेतले होते, कड्यावर बसल्यासारखे. हे आत्ता लिहिताना आठवलं. मग तो आयत दिसला आणि सगळं एकदम लहान झालं, चार पावलांवर आलं. पुढे गेले, हात आत गेला, तेव्हा कळलं की पहिला अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आवाज आत गेला होता. डोळ्यांनी मध्ये पडदा लावला.

तुम्ही विचारलं नसतंत तर मी फक्त आयतच लक्षात ठेवला असता.

पांढरी_काठी

धन्यवाद. मला हेच हवं होतं.

मिनामीदेराला मी येणार नाही. पहिली काही मिनिटं आपण बरोबरीने बसू, मग तुम्ही सगळे उठून पुढे जाल आणि मी बाकावर राहीन. चर्च स्ट्रीटचं मात्र बघतो. भाचा डिसेंबरात न्यू जर्सीला चाललाय, मलाही ये म्हणतोय.

चंपक_जर्सीकर

या! आठवड्यात सगळे दिवस उघडं नसतं, मी बघून कळवतो. जिना अरुंद आहे. वर पोचल्यावर मला आत काहीही सांगू देऊ नका.

अण्णा_नगरकर

आणि परत आल्यावर नगरला. टीपॉय हलवलेला नाही.